कांद्याच्या पापुद्र्यात पेशीची अंगके आणि त्यांचे कार्य कसे पाहावे

पेशीची आकृती पाठ करणे सोपे आहे. परंतु कोणता भाग काय काम करतो हे स्वतः पाहायचे असेल, तर जिवंत पेशीभोवतीची परिस्थिती बदलून तिच्यात होणारा फरक पाहावा लागतो. त्यासाठी लाल कांदा, मीठ, ब्लेड, चिमटा, काचपट्ट्या, कव्हरस्लिप, ड्रॉपर, टिपकागद, आयोडीनचे द्रावण आणि शाळेतला साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक एवढे साहित्य पुरते.

आधी केंद्रक, म्हणजे पेशीच्या कामांचे नियंत्रण करणारे अंगक, पाहून घ्यावे. कांद्याच्या रसाळ पाकळीच्या आतील, म्हणजे खोलगट बाजूचा रंगहीन पापुद्रा चिमट्याने सोलून काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात पसरावा, त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकावा आणि कव्हरस्लिप एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडावी; ती एकदम ठेवली तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्यांच्या काळ्या गोल कडांना नवशिके हमखास पेशी समजतात. आयोडीनमुळे केंद्रक पिवळसर तपकिरी दिसते. रॉबर्ट ब्राऊन यांनी 1831 मध्ये केंद्रकाकडे लक्ष वेधले, तेही ऑर्किडच्या अशाच बाह्यत्वचेच्या पेशी पाहताना. मोठ्या रिक्तिकेमुळे (पेशीतील रसाने भरलेल्या पिशवीमुळे) केंद्रक कडेला ढकलले जाते असे आपण शिकतो, तरीही काही पेशींत ते मध्यभागी दिसेल. ते प्रत्यक्षात वरच्या किंवा खालच्या भित्तिकेला (पेशीच्या बाहेरच्या कडक आवरणाला) चिकटलेले असते आणि आपण वरून पाहत असल्यामुळे मधोमध भासते.

खरा प्रयोग दुसऱ्या काचपट्टीवर करावा. आयोडीनने पेशी मरतात, त्यामुळे पहिलीच पट्टी पुढे वापरून उपयोग नाही. या वेळी पाकळीच्या बाहेरील बाजूचा जांभळा पापुद्रा घ्यावा. त्याचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असून तो रिक्तिकेतील रसात विरघळलेला असतो, म्हणून वेगळे रंजकद्रव्य लागत नाही. पाण्यात ठेवलेल्या पेशीत हा रंग भित्तिकेपर्यंत पसरलेला दिसतो. आता 100 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम मीठ विरघळवून त्याचे थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडावेत आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून ते आत ओढून घ्यावेत. काही मिनिटांत परासरणाने (पटलातून पाणी अधिक खारट द्रावणाकडे जाण्याने) रिक्तिकेतील पाणी बाहेर पडते, प्रद्रव्यपटल, म्हणजे भित्तिकेच्या आतले पातळ आवरण, भित्तिकेपासून सुटून आत सरकते आणि जांभळा रंग आकसून अधिक गडद होतो. हाच रससंकोच. भित्तिकेची चौकट मात्र जागची हलत नाही. आधार आणि आकार देणे हे तिचे काम, तर काय आत-बाहेर जाऊ द्यायचे हे ठरवणे पटलाचे, हा भेद येथे डोळ्यांना दिसतो. मिठाचे पाणी भित्तिकेतून सहज आत शिरून तिच्या आणि पटलाच्या मधल्या जागेत भरते, हेही ध्यानात घ्यावे. मग त्याच रीतीने साधे पाणी आत ओढले की पेशी पुन्हा फुगतात. जास्त वेळ मिठात राहिलेल्या पेशी बहुधा फुगत नाहीत, म्हणून येथे रेंगाळू नये.

पडताळणीसाठी जांभळ्या पापुद्र्याचा तुकडा मिनिटभर उकळत्या पाण्यात धरावा आणि मग त्याला मिठाचे पाणी द्यावे. रंग आधीच बाहेर झिरपलेला असतो आणि रससंकोच होत नाही, कारण उष्णतेने पटलांची निवडक पार्यता (ठरावीक पदार्थच आरपार जाऊ देण्याची क्षमता) नष्ट झालेली असते. हा तुकडा न पाहता बहुतेक जण प्रयोग आटोपतात; माझ्या मते सर्वाधिक शिकवणारा भाग हाच आहे.

कांद्याच्या या पेशींत हरितलवके (प्रकाशात अन्न तयार करणारी हिरवी अंगके) नसतात. ती पाहायची असल्यास हायड्रिला या पाणवनस्पतीचे कोवळे पान अखंडच पाण्याच्या थेंबात ठेवावे. रायबोसोम आणि आंतर्द्रव्यजालिका ही अतिसूक्ष्म अंगके या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत, तेव्हा वहीत ती काढू नयेत. दिसले तेवढेच रेखाटावे आणि आकृतीखाली विशालन नोंदवावे. नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) 10 पटींची व वस्तुभिंग 40 पटींचे असेल, तर ते 400 होते.