फोमची फ्लाइंग बोट निवडताना
रेडिओ-नियंत्रित फोमची फ्लाइंग बोट, म्हणजे पोटावर तरंगून पाण्यावरून उडणारे-उतरणारे मॉडेल विमान, घेताना पंखांआधी तिचे पोट पाहावे. तळाला, गुरुत्वमध्याच्या किंचित मागे, धारदार कडेची पायरी नसेल, तर पाणी तळाला धरून ठेवते आणि विमान कितीही धावले तरी सहजासहजी सुटत नाही. मोटर उंच खांबावर असल्यास प्रोपेलर तुषारांपासून वाचतो. मात्र थ्रॉटल वाढवताच नाक खाली दबते, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे. कॅटलिना या दुसऱ्या महायुद्धातील दोन इंजिनी फ्लाइंग बोटीची प्रतिकृती देखणी खरी, पण दोन मोटरी आणि दोन ईएससी (मोटरीचा वेग नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक भाग) म्हणजे खर्चही वाढला आणि दुरुस्तीही. पहिल्या खरेदीला एका मोटरीचे, ईपीओ या लवचीक, चिवट फोमचे, सुमारे 1 मीटर पंखविस्ताराचे मॉडेल बरे. सर्व्हो (सुकाणू व पंखांचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) जलरोधक आहेत का आणि बॅटरीचे झाकण घट्ट बसते का, हे दुकानातच तपासावे.