स्थानिक अभ्यासक्रमात मुलं रमतात का, हे तपासताना या चुका टाळा

स्थानिक अभ्यासक्रम, म्हणजे आपल्या परिसरातल्या गोष्टींतून शिकवणं, कसा चाललाय हे तपासायला सोलापुरातल्या शाळेत फक्त जानेवारीत जाऊ नका. 12 तारखेला चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन असतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना 1931 साली याच दिवशी येरवड्यात फाशी दिली. पाठोपाठ संक्रांत, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, सात नंदीध्वजांची मिरवणूक. त्या पंधरवड्यात फलक सजलेले असतात, मुलं यात्रेतला पांढरा बाराबंदी पोशाख घालून येतात आणि आपण ‘स्थानिक अभ्यासक्रमाची अंमलबजावणी उत्तम’ असा शेरा लिहून निघतो.

मीही असे शेरे लिहिले आहेत. एका शाळेत थर्माकोलचं सुरेख सिद्धेश्वर मंदिर पाहिलं, तळ्यासकट. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला विचारलं, “या तळ्यात पाणी कुठून येतं रे?” त्यानं बाईंकडे पाहिलं. मंदिर त्याच्या काकांनी रात्री बसून केलेलं होतं. शेरा मात्र मी त्याआधीच लिहून टाकला होता.

म्हणून तोच वर्ग जुलैतल्या एखाद्या साध्या मंगळवारी पाहा. उन्हाळ्यात सकाळची शाळा भरते तेव्हाही एकदा जा. मार्चच्या दुपारी पत्र्याखाली पेंगणाऱ्या मुलांवरून अभ्यासक्रमाला नापास करू नका.

वर आलेले हात मोजणं

प्रश्न विचारला की दहा हात वर जातात. बहुतेक वेळा तेच दहा. वर्ग रंगला असं वाटतं आणि उरलेली वीस मुलं नजरेतून सुटतात. वर्गात शिरल्यावर बैठकीचा कच्चा नकाशा काढा आणि पाठ सुरू होण्याआधीच सहा मुलं ठरवा: दोन पुढची, दोन मधली, दोन शेवटच्या ओळीतली. दर पाच मिनिटांनी त्या प्रत्येकाकडे पाहून जे दिसतं तेवढंच लिहा. लिहितोय, शेजारणीला सांगतेय, खिडकीबाहेर बघतोय. ‘लक्ष नाही’ असं लिहू नका. तो निष्कर्ष झाला, तो नंतर काढायचा. खिडकीबाहेर बघणारा मुलगा कधी कधी पाठातलंच झाड शोधत असतो.

गप्प मुलाला ‘रस नाही’ म्हणणं

आपल्याकडे सगळ्यात जास्त मुलांवर अन्याय करणारी चूक हीच. सोलापूर शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, कितीतरी घरांत उर्दू. आपण मूल्यमापन करतो ते मात्र पुस्तकी मराठीतल्या उत्तरांवरून.

चौथीत यंत्रमागावरचा पाठ चालला होता. ताणा (उभे धागे) म्हणजे काय, बाणा (आडवे धागे) म्हणजे काय, असं विचारल्यावर विणकरांच्या घरातली एक मुलगी खाली मान घालून बसली. “सर, ही बोलतच नाही,” बाई म्हणाल्या. गटकाम सुरू झालं तशी तीच मुलगी मैत्रिणीला तेलुगूत भराभरा सांगू लागली. दोन्ही हातांनी मागाची चाल दाखवत होती. धागा तुटला की माग कसा थांबवायचा, गाठ कशी मारायची. त्या वर्गात मागाविषयी तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. माझ्या तक्त्यात तिच्या नावापुढे त्या क्षणापर्यंत शून्य होतं.

तेव्हा कोणत्या भाषेत बोललं, हा रकाना तक्त्यात ठेवाच. ती भाषा आपल्याला येत नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या पालकाला शेजारी बसवा. चित्र काढून, हातानं करून दाखवलेलं उत्तरही उत्तर म्हणूनच धरा.

याच्या उलट बाजूही आहे. गप्प राहण्यामागे कधी संकोच असतो. “तुझी आई काय काम करते?” या प्रश्नाला विडी वळणाऱ्या आईची लेक भरवर्गात उत्तर देईलच असं नाही. अशा वेळी बाई विषय कसा हाताळतात ते पाहा. हजारी विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीचं गणित कुणाच्या घराकडे बोट न दाखवता मांडलं, तर तीच लेक सगळ्यांआधी हिशेब करते.

‘आवडलं का?’ असं विचारणं

पाहुण्याला मुलं ‘हो’च म्हणतात. त्याऐवजी विचारा: काल घरी गेल्यावर यातलं कुणाला काय सांगितलंस? अजून काय विचारायचं राहिलंय? पहिल्या प्रश्नाला आजीचं, मामाचं नाव घेऊन उत्तर आलं, तर पाठ वर्गाबाहेर गेला म्हणायचा.

हजेरीवरून अंदाज बांधतानाही सांभाळा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं मूल शाळेत दिसत नाही, ते पाठ कंटाळवाणा आहे म्हणून नव्हे.

आणखी एक पाहायचं राहून जातं: सोलापूर फक्त परिसर अभ्यासाच्या तासालाच येतं का? टॉवेलची लांबी-रुंदी गणितात, मंगळवेढ्याच्या ज्वारीचं पोतं वजनमापात, नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक पक्षी भाषेच्या तासाला वर्णनासाठी आला, तर मुलांच्या वह्यांत ते दिसतंच. म्हणून पंधरा दिवसांनी परत जा आणि त्याच सहा मुलांच्या सगळ्या विषयांच्या वह्या मागून घ्या. फळ्यावरून उतरवलेलं बाजूला ठेवा आणि मुलानं स्वतःच्या मनानं लिहिलेली एखादी ओळ सापडते का, तेवढं शोधा.