बायोसमधली रॅमची सेटिंग बदलावी का? पहिल्यांदा पीसी घेणाऱ्यांसाठी

नवीन पीसी असेंबल केला, रॅमच्या बॉक्सवर ३६०० किंवा ६००० छापलेलं आहे आणि टास्क मॅनेजर उघडला तर तिथे २१३३ नाहीतर ४८०० दिसतंय, मग पहिला विचार हाच येतो की आपल्याला दुसरीच रॅम दिली का. मला ओळखीतले लोक फोन करतात ते बहुतेक वेळा ह्याच प्रश्नासाठी. तर आधी हे सांगतो की रॅम बरोबर आहे, फक्त तिचं छापलेल्या स्पीडचं प्रोफाइल, म्हणजे तयार सेटिंगचा संच, अजून बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) चालू केलेलं नाहीये.

होतं काय, रॅमच्या प्रत्येक स्टिकवर एक बारीकशी चिप असते, एसपीडी म्हणतात तिला, त्यात त्या स्टिकची सगळी माहिती लिहिलेली असते. पीसी पहिल्यांदा चालू झाला की मदरबोर्ड ही माहिती वाचतो आणि जेडेक नावाच्या संस्थेने ठरवलेल्या स्टँडर्ड स्पीडवर रॅम चालवतो, कारण तिथे कुठलाही बोर्ड कुठल्याही रॅमबरोबर चालायलाच हवा. डीडीआर४ असेल तर १.२ व्होल्टवर २१३३, २४०० किंवा २६६६, काही स्टिक ३२०० पर्यंत, आणि डीडीआर५ असेल तर १.१ व्होल्टवर ४८०० किंवा ५६००. बॉक्सवरचा मोठा आकडा त्याच चिपमध्ये दुसऱ्या एका प्रोफाइलमध्ये असतो, इंटेलचं त्याला नाव एक्सएमपी, एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० बरोबर आणलं ते एक्स्पो, आणि काही बोर्डांवर डीओसीपी असं दिसेल, काम तेच. आणि हो, सीपीयू-झेड ह्या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ३२०० ऐवजी १६०० दिसलं तर घाबरू नका, डीडीआर रॅम एका क्लॉकमध्ये दोनदा डेटा पाठवते म्हणून तिथे निम्मा आकडा येतो.

आता करावं का नाही. माझं मत स्पष्ट आहे: प्रोफाइल चालू करा, पण त्या रात्री मेमरी टेस्ट लावायची तयारी असेल तरच. टेस्ट करायला वेळ नसेल तर डिफॉल्टवर राहू द्या, काही बिघडत नाही.

हे इतकं ठामपणे का म्हणतोय ते सांगतो, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि लोक नेमकं हेच सोडून स्पीडबद्दल बोलत बसतात. ग्राफिक्स कार्ड अस्थिर झालं की स्क्रीनवर दिसतं, प्रोसेसर तापला की स्लो होतो, पण रॅम थोडीशीच अस्थिर असेल तर पीसी चालू होतो, विंडोज येतं, गेम चालतो, सगळं छान वाटतं आणि आत कुठेतरी एखादा बिट, म्हणजे ० किंवा १, चुकतो. तो बिट रिकाम्या जागी असेल तर कळतही नाही, ब्राउझरच्या टॅबमध्ये असेल तर टॅब क्रॅश होतो, आणि तुम्ही कॉपी करत असलेल्या फोटोमध्ये असेल तर तो चुकीचा फोटो तसाच डिस्कवर लिहिला जातो आणि मग बॅकअपमध्येही तोच जातो. घरच्या पीसीत साधारण ईसीसी रॅम नसते, म्हणजे ही चूक पकडून दुरुस्त करणारं कोणी नसतं. (डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत एक ईसीसी असते, पण ती चिपपुरतीच, स्टिक ते प्रोसेसर ह्या रस्त्यात झालेली चूक तिला दिसत नाही, आणि स्पीड वाढवल्यावर त्रास होतो तो बऱ्याचदा ह्याच रस्त्यात.)

एका नातेवाइकांच्या पीसीवर हे अगदी जवळून बघितलं. त्यांची तक्रार काय तर मोठ्या झिप फाइल मधूनच उघडत नाहीत, सीआरसी एरर येते, म्हणजे फाइलमधला डेटा तपासणीत जुळत नाही, परत डाउनलोड केली की कधी उघडते कधी नाही, आणि अधूनमधून निळी स्क्रीन. सगळ्यांना वाटलं डिस्क गेली. निळ्या स्क्रीनवर कधी 'मेमरी मॅनेजमेंट' तर कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', म्हणून मी आधी रॅमकडे वळलो. आत बघितलं तर जुन्या दोन स्टिक आणि नंतर घेतलेल्या वेगळ्या दोन, अशा चार, आणि एक्सएमपी ३६०० ला चालू. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावल्यावर एरर दिसायला लागल्या, ३२०० वर आणल्यावर रात्रभरात एकही नाही. रॅम खराब नव्हती, डिस्कही नव्हती, चार स्टिकचा भार त्या स्पीडला झेपत नव्हता इतकंच.

म्हणून रॅम घेतानाच एका बॉक्समधली दोन स्टिकची जोडी घ्या आणि चार स्लॉट असतील तर साधारण प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये चित्र असतं ते एकदा बघा. चार स्टिकने किती फरक पडतो बघायचं असेल तर रायझन ७००० चे एएमडीचे स्वतःचेच आकडे बघा, दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला ३६००.

फायदा किती? वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळत असाल तर भरपूर, कारण ते ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. कार्ड असेल तर ज्या गेममध्ये प्रोसेसर कमी पडतो तिथे जाणवतो. ब्राउझर, ऑफिस, व्हिडिओ बघणं, ह्यात काही कळणार नाही. आणि एकच स्टिक असेल तर प्रोफाइलच्या आधी तशीच दुसरी स्टिक घेण्याचा विचार करा, ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते आणि दोन स्टिक दोन चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या रस्त्यांवर, लावल्या की तेच ५१.२ होतं, इतकी उडी प्रोफाइलने मिळत नाही.

करायचं ठरलं तर आधी महत्त्वाच्या फाइलचा बॅकअप, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक करणारं) चालू असेल तर रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा, कारण बायोस अपडेट किंवा रीसेट केल्यावर विंडोज ती मागू शकतं आणि तेव्हा ती त्याच पीसीत अडकलेली असली की संपलं. मग बायोस अपडेट करा. हे टाळू नका, २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर जळाले, एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला जाणारं एसओसी व्होल्टेज जास्त देत होते, त्यानंतर नवीन बायोसमधून ते १.३ व्होल्टच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आली. मग पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, आहे त्या सेटिंगचे मोबाइलने फोटो काढा, प्रोफाइल निवडा, एफ१० ने सेव्ह.

डीडीआर५ असेल तर आता स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, बोर्ड मेमरी ट्रेनिंग करत असतो, म्हणजे रॅमशी जुळणारी सेटिंग शोधत असतो, तेव्हा घाबरून पॉवर काढू नका. खरंच अडकला तर बोर्ड बऱ्याचदा स्वतःच जुन्या सेटिंगवर येतो, नाही आला तर पॉवर केबल काढून बायोसची सेटिंग पुसणारा क्लिअर सीमॉसचा जंपर वापरा, किंवा ती नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी थोडा वेळ काढून परत लावा.

मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ टाकून रात्रभर चालू ठेवा. सकाळी शून्य एरर हवी, एक म्हणजे थोडीशीच आहे चालेल असं नाही. एरर आली तर व्होल्टेज वाढवत बसू नका, स्पीड एक पायरी खाली घ्या, ६००० चं ५६००, ३६०० चं ३२००, आणि परत टेस्ट.

हाताने टायमिंग, म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती वेळ घेते त्याचे सीएलसारखे आकडे, बदलायच्या नादाला नवीन माणसाने लागू नये असं मला मनापासून वाटतं. ३२०० सीएल१६, ३६०० सीएल१८, ६००० सीएल३०, तिन्हीचं गणित केलं की १० नॅनोसेकंदच येतात, आणि सीएलच्या खाली जे डझनावारी आकडे दिसतात त्यातला एक चुकला तरी तोच न दिसणारा त्रास.

वॉरंटीचंही माहीत असू द्या, इंटेल आणि एएमडी दोघांच्या लेखी हे प्रोफाइल म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच (ठरलेल्या स्पीडच्या वर चालवणं) आहे, रॅमच्या बॉक्सवर तो स्पीड छापलेला असला तरी. बऱ्याच लॅपटॉपमध्ये आणि एच६१० सारख्या साध्या बोर्डांवर ही सोयच नसते, तिथे शोधत बसू नका. आणि पुढे कधी बायोस अपडेट केलं की प्रोफाइल बहुधा बंद होतं, तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये स्पीड परत बघा, आणि परत चालू केलंत तर टेस्टही परत लावा, कारण नवीन बायोसमध्ये मेमरी ट्रेनिंगची पद्धतही बदललेली असू शकते.