सोयाबीनची रास, शिंका आणि ती ‘छोटी गोळी’

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की औशातल्या आमच्या मेडिकलवर संध्याकाळची गर्दी वाढते. दिवसभर मळणी यंत्राच्या तोंडाला उभा राहिलेला माणूस येतो. भुवयांवर भुसा, डोळे लाल, नाकाला गमछा. “ताई, ती छोटी गोळी द्या की, सकाळपासनं नुसत्या शिंका यायल्यात.” छोटी म्हणजे कोणती, असं विचारलं की म्हणतो, “पांढरी.” आता माझ्या रॅकमध्ये छोट्या पांढऱ्या गोळ्या कितीतरी आहेत. त्यात शुगरची आहे, बीपीची आहे आणि झोपेचीही आहे.

म्हणून पहिलं काम हे, की आतल्या औषधाचं नाव माहीत करून घ्या. पाकिटावर कंपनीचं नाव मोठं असतं आणि औषधाचं त्याच्याखाली बारीक अक्षरात. ॲलर्जीवर आपल्याकडे सर्रास चालणारी नावं हातावर मोजण्याइतकीच आहेत. सेटिरिझिन, लिवोसेटिरिझिन, लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिन ही नव्या पिढीची. क्लोरफेनिरामिन, म्हणजे आमच्या भाषेत सीपीएम, आणि फेनिरामिन, म्हणजे सगळ्यांची ओळखीची ॲव्हिल, ही जुनी. काम सगळ्यांचं एकच. धूळ, परागकण किंवा भुसा सोसला नाही की शरीर हिस्टामिन सोडतं. त्यानं नाक वाहतं, शिंका येतात, डोळे चुरचुरतात, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. गोळी त्या हिस्टामिनला जागेवर बसू देत नाही. चोंदलेलं नाक मात्र या गोळीनं फारसं मोकळं होत नाही. नाक गच्च बंद असेल तर मिठाच्या पाण्याने नाक धुणं जास्त कामाचं. बंद नाक लगेच मोकळं करणारे थेंब मिळतात, पण ते तीन ते पाच दिवसांच्या वर घालू नयेत. नाक उलट जास्त चोंदायला लागतं आणि माणूस थेंबांना बांधला जातो.

जुन्या गोळ्या मेंदूपर्यंत पोहोचतात, त्यामुळे झोप येते. गंमत अशी की याच झोपेवर लोकांचा भरवसा असतो. “ॲव्हिल लागती बघा,” असं म्हणतात, म्हणजे गुंगी आली म्हणून गोळी चांगली! रात्री घेतलेल्या सीपीएमची सुस्ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळू शकते, आणि आपण सुस्तावलो आहोत हे त्या माणसाला बऱ्याचदा कळतही नाही. मळणी यंत्रात पेंढ्या सारणारा हात, उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर, लातूर रोडवरची मोटारसायकल, यातलं काहीही पुढच्या चोवीस तासांत करायचं असेल तर मी सीपीएम किंवा ॲव्हिल काढून देत नाही. गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

त्यांच्याऐवजी सेटिरिझिन १० मिलिग्रॅम किंवा लिवोसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसातून एकच, शक्यतो रात्री. झोप यानेही काहींना येते, म्हणून पहिली गोळी घरी, कामं आटोपल्यावर घ्या आणि सकाळी अंग कसं वाटतं ते पाहा. सुस्ती वाटली तर लोराटाडिन १० किंवा फेक्सोफेनाडिन बरी. फेक्सोफेनाडिन नाकासाठी बहुधा १२० ची देतात, अंगावरच्या गांधींसाठी १८० ची. ही साध्या पाण्यासोबतच घ्यायची. फळांच्या रसासोबत घेतली तर शरीरात नीट शोषली जात नाही. आपल्या भागात जालन्याच्या मोसंबीचा ग्लास आणि गोळी एकदमच तोंडाला लागतात, म्हणून मुद्दाम सांगते. ॲसिडिटीचं पांढरं औषधही तिच्यासोबत नको. दोन तासांचं अंतर ठेवा.

वेळ महत्त्वाची आहे. गोळीला काम सुरू करायला साधारण तास लागतो, आणि आधीच सुटलेल्या हिस्टामिनवर तिची मात्रा कमी चालते. उद्या रास आहे हे माहीत असेल तर आज रात्रीच घ्या. खळ्यावरून आल्यावर आधी आंघोळ करा, कपडे बदला, मग जेवण. भुसा केसांत घेऊन उशीवर डोकं टेकलं तर गोळी बिचारी रात्रभर काय पुरी पडणार? आणि दोन तासांत उतार पडला नाही म्हणून दुसरी घेऊ नका. नव्या गोळ्यांचा अंमल दिवसभर असतो. दुसरीने फायदा फार वाढत नाही, झोप वाढते. चामडीचे डॉक्टर पित्तासाठी कधी जास्त डोस लिहितात, पण ते त्यांच्या देखरेखीखाली.

आता डबल डोसचं. हे मी रोज बघते. सर्दीच्या तयार गोळीत पॅरासिटामॉल, नाक मोकळं व्हावं म्हणून घातलेलं फेनिलेफ्रिन आणि सीपीएम एकत्र असतं. खोकल्याच्या बऱ्याच सिरपातही सीपीएम असतं. माणूस सकाळी सर्दीची गोळी खातो, दुपारी सिरप घेतो, रात्री ॲलर्जीची गोळी घेतो आणि मग “डोकं जड पडलंय” म्हणून पुन्हा काउंटरवर येतो. शिवाय फेनिलेफ्रिन बीपी वाढवतं, ते वेगळंच. हे ओळखायचा उपाय एकच, पाकीट वाचणं, आणि तिथंच अडतं. दोन गोळ्या मागितल्या की गोळ्यांचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, कात्रीने कापला जातो. तारीख आणि बॅच पत्त्याच्या एका टोकाला छापलेली. कापलेल्या तुकड्यावर कधी नावाचं अर्धं अक्षर येतं, कधी नुसती चांदी. तो तुकडा शर्टाच्या खिशात, तिथून देवळीत, आणि दोन वर्षांनी कुणाच्या तरी पोटात. पूर्ण पत्ता घ्या. दहा गोळ्यांच्या साध्या सेटिरिझिनला असा काय मोठा पैसा पडतो? तुकडाच घ्यायचा असेल तर मोबाईलवर अख्ख्या पत्त्याचा फोटो काढून ठेवा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं वेगळं आहे. ज्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे त्यांची लघवी सीपीएम-ॲव्हिलने तुंबू शकते. काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्याचा दाब वाढतो. वयस्कर माणूस रात्री उठताना झोक जाऊन पडतो, बरळतो, आणि घरचे म्हणतात, वयच झालं. किडनी अशक्त असेल तर सेटिरिझिनही अंगात साठते. डोस निम्मा करावा लागतो, तो डॉक्टरांना विचारून. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील तर गुंगी दुप्पट होते. दारूसोबत तर कोणतीच नको. हे वाक्य मी आवाज न दबवता म्हणते, कारण मागे उभा असलेला गडी बऱ्याचदा त्यासाठीच घाई करत असतो. पोटुशी बाई किंवा अंगावर पाजणारी आई असेल तर मी स्वतः गोळी निवडून देत नाही, डॉक्टरांकडे पाठवते.

लेकरांना मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका. दोन वर्षांखालच्या लेकराला डॉक्टरांशिवाय काहीच नाही. त्याच्यावरच्यांना सिरप, वयानुसार, आणि मापासाठी बाटलीवरचं झाकण-माप. घरातला चमचा प्रत्येकीचा वेगळा. सीपीएम आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे. बाटली जुनी असेल तर त्यावर तो नसेलही. “लेकरू रातभर झोपंना, थोडं पाजू का?” याला माझं उत्तर नाही असंच असतं. आणि कधी कधी या औषधांनी लेकरू झोपायच्या ऐवजी उलट जास्तच चेकाळतं.

प्रत्येक खाज ॲलर्जी नसते, हे तर फारच कमी जणांना पटतं. रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाजवतंय, बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे, तर ती खरूज. जांघेत गोल चट्टा, कडा लाल, तर तो नायटा. गोळीने खाज तात्पुरती थांबते, रोग पसरत राहतो. काँग्रेस गवत उपटून आलेल्यांची मान, तोंड, हात काळेनिळे होतात, चामडी जाड होते. त्यावरही निव्वळ गोळी अपुरी पडते. अशा वेळी लोक ॲव्हिलसोबत स्टेरॉइडची गोळी मागतात, “जोड द्या” म्हणून. जोडाने दोन दिवसांत लखलखीत बरं वाटतं हे खरं, पण शुगर चढते आणि नायटा रानोमाळ होतो. तसंच मोंटेलुकास्ट (दमा-ॲलर्जीवरचं वेगळं औषध) आणि लिवोसेटिरिझिनच्या मिश्र गोळीचं. ती जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं नेली जाते. मोंटेलुकास्टने काहींचं मन उदास होतं, झोप बिघडते, वाईट स्वप्नं पडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा लावला. गरज असेल तिथं ती उपयोगीच आहे, पण ती गरज डॉक्टरांनी ठरवावी.

एक प्रसंग असा आहे, की तेव्हा गोळीच्या मागे लागायचंच नाही. आग्यामोहोळ उठलं, गांधीलमाशी चावली, एखादं इंजेक्शन किंवा खाणं बाधलं, आणि अंगावर गांधी उठण्यासोबत ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, उलट्या झाल्या किंवा चक्कर येऊन माणूस गळाठला, तर १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. माणसाला आडवं ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसवा, पण उभं करून चालवू नका. तिथं जीव वाचवतं ते ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. तोंडातून दिलेली गोळी लागू होईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. छातीत सूं-सूं आवाज करणाऱ्या दम्यालाही ही गोळी औषध नाही, पंप वापरा.

आठ-दहा दिवस रोज घेऊनही शिंका थांबत नसतील तर डॉक्टरांना दाखवा. नाकात मारायचा ॲलर्जीचा स्प्रे, मघाचे थेंब नव्हेत, अशा वेळी गोळीपेक्षा चांगला चालतो. ॲलर्जीची कातडीवरची तपासणी ठरली असेल तर गोळी किती दिवस आधी बंद करायची ते तिथल्या डॉक्टरांना विचारा, नाहीतर तपासणी खोटी येते. आणि सेटिरिझिन किंवा लिवोसेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेतली असेल तर एकदम बंद केल्यावर काहींना अंगभर भयंकर खाज सुटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये यावरही सावध केलं. ती खाज म्हणजे जुनी ॲलर्जी परत आली असं समजून लोक पुन्हा पत्ता मागायला येतात. तसं झालं तर हळूहळू कशी सोडायची, हे डॉक्टरांसोबत बसून ठरवा, आणि जाताना तो रिकामा पत्ता सोबत न्या.