जुन्या मिक्सरच्या जागी नवा: दुरुस्ती की खरेदी, आणि निवड कशी करावी

मिक्सर घेताना बहुतेक घरांत दोन आकडे पाहिले जातात: वॅट किती आणि भांडी किती. दोन्ही आकड्यांना महत्त्व आहेच. पण मिक्सर दहा वर्षं चालणार की तिसऱ्या वर्षी माळ्यावर जाणार, हे भांड्याच्या बुडातल्या बुशवर (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) आणि मिक्सरचे सुटे भाग तुमच्या गावात मिळण्यावर ठरतं. त्यामुळे खरेदीला घाईने निघू नका. आधी अर्धा तास जुन्या मिक्सरपाशी घालवा.

आधी पाहा: जुना मिक्सर खरंच गेला आहे का

पिन काढून ठेवा आणि मग तपासायला घ्या.

मिक्सर एकदम मुका झाला असेल, तर तो उलटा करून बुडाशी असलेलं छोटं लाल किंवा काळं बटण शोधा. जास्त भार पडला की हे बटण बाहेर येतं आणि वीज तोडतं. भांड्यातलं निम्मं वाटण काढा, मोटर १०-१५ मिनिटं गार होऊ द्या आणि बटण दाबा. सॉकेटमध्ये दुसरं काही लावून वीज येते का, हेही बघून घ्या. मिक्सर बिघडला म्हणून दुकानात नेला आणि फक्त बटण दाबून परत आणला, असं बऱ्याचदा होतं.

मोटरचा आवाज येतो पण पातं फिरत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कपलर झिजलेला असतो. कपलर म्हणजे मोटरच्या दांड्यावर बसणारी रबरी किंवा प्लॅस्टिकची दातेरी चकती. ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते. भांडं अडकलं तर चकतीचे दाते जातात आणि मोटर वाचते. हा भाग स्वस्त असतो आणि घरीही बदलता येतो. काही मिक्सरमध्ये त्याचे आटे उलटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी दोन्ही दिशांना हलकेच फिरवून पाहा. भांड्याखालचा कपलरही तपासा. एक झिजलेला असेल तर दोन्ही एकदम बदला, नाहीतर जुने दाते नव्या दात्यांना खातात.

मिक्सर मधूनच बंद पडतो, थोडा हलवला की चालू होतो आणि जाळीतून ठिणग्या दिसतात, ही कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, झिजल्याची खूण आहे. बारीक निळसर ठिणगी चांगल्या मोटरमध्येही दिसते, तिला घाबरू नका. मात्र गोल फिरणारं नारिंगी कडं दिसलं, तर आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या गाभ्याच्या, तांब्याच्या पट्ट्याच खराब झाल्या आहेत. कार्बनची जोडी बदलणं किरकोळ काम आहे, आर्मेचर बदलणं महागात पडतं.

भांड्याखाली काळपट, तेलकट ओल येत असेल, तर बुश झिजला आहे किंवा वॉशर गेला आहे. अशा वेळी दुरुस्ती फक्त भांड्याची करायची असते, मिक्सरला हात लावायची गरज नसते. ती ओल पोटात जाणाऱ्या वाटणातही मिसळत असते, म्हणून "चालतंय तोवर चालू दे" असं इथे करू नका.

धूर आला, जळक्या वार्निशचा उग्र वास आला आणि त्यानंतर मिक्सर फिरेना, तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, जळलं आहे. दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घ्या. तो नव्या मिक्सरच्या किमतीच्या निम्म्याजवळ जात असेल आणि मिक्सर सात-आठ वर्षं वापरलेला असेल, तर नवा घ्या. मिक्सर नवा असेल आणि मूळ कंपनीचंच आर्मेचर मिळत असेल, तर दुरुस्ती करायला हरकत नाही. हाताने पुन्हा गुंडाळलेलं वाइंडिंग मात्र कारागिराच्या हातावर अवलंबून असतं, त्याची निदान तीन महिन्यांची लेखी हमी मागा.

मग लिहा: आठवडाभरात काय काय वाटता

कागदावर आठवड्याची कामं मांडा. रोज ओल्या खोबऱ्याचं वाटण? दोन माणसांपुरती लसणाची चटणी? शेंगदाण्याचा कूट? आठवड्याला इडली-आंबोळीचं पीठ? आपल्याकडचं वाटण मोटरवर किती भार टाकतं, हे पातळ रस किंवा मिल्कशेकसाठी बनवलेल्या यंत्रांवरून कळणार नाही. १९६०च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी 'सुमीत' मिक्सर तयार केला तो याच कारणाने. परदेशी यंत्र भारतीय वाटणापुढे टिकत नव्हतं.

दोन-तीन माणसांचं घर आणि मुख्य काम चटणी-कूट असेल, तर ५०० वॅट पुरतात. चार-पाच माणसं, रोज वाटण आणि आठवड्याला डाळ-तांदळाचं पीठ असेल तर ७५० वॅटचा घ्या. १००० वॅट मोठ्या कुटुंबाला किंवा घरगुती डबे करणाऱ्यांना उपयोगी पडतात. वॅट म्हणजे मोटर ओढते ती वीज. त्यातली किती पात्यापर्यंत पोचते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय मिक्सरचं पातं रिकामं फिरताना मिनिटाला साधारण १८ ते २० हजार फेरे मारतं, त्यामुळे लहान भांड्यात जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता. चटणी गरम होते, खोबऱ्याचं तेल सुटतं, शेंगदाण्याच्या कुटाचा गोळा होतो.

रोज मोठ्या प्रमाणात पीठ वाटायचं असेल, तर मिक्सरवर भार टाकण्यापेक्षा दगडी वरवंट्याचा वेट ग्राइंडर वेगळा घ्या. वर्षाचा मसाला डंखावरच कुटायला द्यावा. हळकुंडं आणि सुंठ अख्खी मिक्सरमध्ये टाकू नका. खलबत्त्यात फोडून मगच टाका, नाहीतर पातं वाकतं आणि त्या धक्क्याने बुश सैल होतो.

भांडं पारखा, इथेच सगळा फरक आहे

दुकानात मोटरचा आवाज ऐकवतात. रिकामा मिक्सर छानच फिरतो, त्यावरून काही कळत नाही. तुम्ही भांडं हातात घ्या.

भांडं उलटं करून खालचा कपलर बोटांनी फिरवा. तो सहज पण घट्टपणे फिरायला हवा, खरखर नको. मग पातं वरून धरून आडवं हलवून बघा. नव्या भांड्यात पातं डगमगत असेल तर ते भांडं बाजूला ठेवा. बुश आणि दांडा यांत फट असली की पाणी तिथूनच आत शिरतं.

सगळ्यात लहान, चटणीच्या भांड्याकडे जास्त लक्ष द्या. ते साधारण ०.३ ते ०.५ लिटरचं असतं. पात्याचं टोक बुडापासून किती वर आहे ते पाहा. अंतर जास्त असेल, तर चार मिरच्या आणि सहा लसूणपाकळ्या खालीच फिरत राहतात, वाटल्या जात नाहीत. बुड सपाट असण्यापेक्षा मध्याकडे उतरतं असलं तर थोडं वाटण पात्याकडे परत येतं. कोरड्या कामाचं भांडं १ लिटरच्या आसपास आणि ओल्याचं १.५ लिटरचं पुरतं. चौथं, पाचवं भांडं फुकट मिळतंय म्हणून किंमत वाढवून घेऊ नका. रोज वापरात दोनच राहतात.

झाकण लावून भांडं तिरपं करा आणि झाकण घट्ट बसतं का ते बघा. झाकणाची रबरी रिंग सुटी विकत मिळते का, तेही तिथल्या तिथे विचारा. वर्षा-दीड वर्षात तीच पहिल्यांदा सैल पडते.

स्टीलचं काय? ३०४ दर्जाचं स्टील आंबट-खारट पदार्थांना २०२ पेक्षा जास्त टिकतं, कारण त्यात निकेल जास्त असतं. दोन्हींत चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे चुंबक लावून दोघांतला फरक ओळखता येत नाही. दर्जा खोक्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेला असेल तरच धरा. पात्याला मात्र चुंबक चिकटलं म्हणून घाबरू नका. धार टिकावी म्हणून ते कडक, चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचं बनवतात.

पट्टी वाचा

मिक्सरच्या बुडाशी एक पट्टी चिकटवलेली असते. तीवर व्होल्ट, वॅट, अनुक्रमांक आणि चालवण्याची मर्यादा असते. "५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद" अशा धाटणीचा मजकूर असेल, तर तो मनापासून पाळा. बऱ्याच मोटरी याच चुकीने जळतात. आणखी एक चूक सर्रास होते: मोटरला त्रास नको म्हणून घट्ट वाटण १ नंबरवर बराच वेळ फिरवत ठेवणं. मोटरला गार ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर असतो. दांडा हळू फिरला की वाराही कमी लागतो, आणि भार असल्यामुळे वीज मात्र जास्त ओढली जाते. सुरुवात १ वर करा, वाटण फिरू लागलं की २ किंवा ३ वर न्या.

आयएसआय चिन्ह असेल तर चिन्हाच्या वर आयएस क्रमांक आणि खाली 'सीएम/एल'पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मिक्सरचं मानक आयएस ४२५० आहे. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये परवाना क्रमांक टाकला की तो कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, ते दिसतं. दुकानातच मोबाइलवर दोन मिनिटांत हे होतं.

पिन दोन काट्यांची असेल, तर पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह शोधा. ते दुहेरी इन्सुलेशनचं चिन्ह आहे, अशा यंत्राला अर्थिंगची पिन लागत नाही. चिन्हही नाही आणि तिसरा काटाही नाही, असा मिक्सर घेऊ नका.

गावाकडे व्होल्टेज कमी असतं तिथे भांडं नेहमीपेक्षा कमी भरा. मोटर जड झाली की थांबा. घरातल्या लहान इन्व्हर्टरवर ७५० वॅटचा मिक्सर लावू नका, सुरू होतानाच तो इन्व्हर्टर बंद पाडतो.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी भारतातून २३० व्होल्टचा मिक्सर नेऊ नये. तिथल्या १२० व्होल्टवर तो कसाबसा फिरतो, वाटण मात्र होत नाही. ताकदीचा ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तो मिक्सरपेक्षा जड. तिथे ११०-१२० व्होल्टसाठी बनवलेली भारतीय मॉडेलंच घ्या. इंग्लंडला नेलेला मिक्सर तिथली पिन लावली की व्यवस्थित चालतो.

वॉरंटी आणि सुटे भाग

खोक्यावर मोठ्या अक्षरात "मोटरला ५ वर्षं" असतं. बारीक अक्षरात संपूर्ण यंत्राला किती, ते वाचा. कपलर, वॉशर, पातं आणि भांडी बहुधा त्यात धरलेली नसतात, आणि आधी झिजतात ती हीच.

म्हणून पैसे देण्याआधी एक काम करा. तुमच्या गावातल्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात जाऊन विचारा: या कंपनीचे कपलर, बुश, झाकणाच्या रिंगा आणि सुटी भांडी मिळतात का? दुकानदार लगेच ड्रॉवर उघडून दाखवत असेल, तर तो मिक्सर घ्या. "मागवावं लागेल" असं उत्तर आलं, तर दुसरा पर्याय बघा. ऑनलाइन जरा स्वस्त मिळणाऱ्या, नाव न ऐकलेल्या मिक्सरचा घोटाळा इथेच होतो: मोटर चांगली असते, पण दोन वर्षांनी भांडं मिळत नाही.

बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या. बिलाचा त्याच दिवशी फोटो काढा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात. वॉरंटीत टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि तिथे बिल लागतं.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात चाचणी

परत करण्याची मुदत संपण्याआधी मिक्सरला तुमच्या घरातलं सगळ्यात अवघड काम द्या.

प्रत्येक भांड्यात निम्म्यापर्यंत पाणी घालून १ नंबरवर १० सेकंद फिरवा. भांडं वर्तमानपत्रावर १० मिनिटं ठेवा. कागदावर ओलं वर्तुळ उमटलं तर भांडं बदलून मागा.

मग अर्ध्या नारळाचं खोबरं, आठ-दहा भिजवलेल्या लाल मिरच्या आणि पाव वाटी पाणी घेऊन वाटण करा. दीड ते दोन मिनिटांत, मध्ये एकदा चमच्याने खाली करून, ते गंधासारखं व्हायला हवं. चार-पाच तास भिजलेली वाटीभर उडीद डाळ गार पाणी घालून वाटा आणि पिठाला हात लावून बघा: कोमट ठीक, हाताला चटका बसेल इतकं गरम नको. शेवटी वाटीभर भाजलेले, गार झालेले शेंगदाणे. गोल बटण उलट्या बाजूला, म्हणजे पल्सवर, तीन-चार झटके द्या. सलग फिरवाल तर कोणत्याही मिक्सरमध्ये तेल सुटेल.

पहिल्या तीन-चार वापरांत किंचित वार्निशचा वास येतो, तो नव्या वाइंडिंगचा असतो. पुढेही वास येत राहिला किंवा बूड हात ठेवता येणार नाही इतकं तापलं, तर परत द्या.

धुताना भांडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नका. पाणी खालून बुशमध्ये शिरतं आणि आतलं वंगण धुऊन नेतं. वाटण काढलं की भांड्यात थोडं पाणी आणि साबणाचा थेंब घालून पाच सेकंद फिरवा, विसळा आणि आडवं ठेवून वाळवा.