किनाऱ्यावर घर पुन्हा उभारताना छप्पर आधी जखडा

घराचा नकाशा काढण्याआधी रहिवाशांबरोबर वस्तीत फिरा. वादळात पाणी कुठवर चढलं ते प्रत्येक भिंतीवर खडूने आखून घ्या. जोतं त्या रेषेच्या वरच हवं. वारा कुठून घुसला, हेही त्यांनाच विचारा.

वादळात बहुतेकदा आधी छप्पर जातं. वारा ते वर ओढतो आणि नुसत्या खिळ्यांवरचे वासे उपटून निघतात. म्हणून पत्रा, रीप (पत्रा जिच्यावर बसतो ती आडवी दांडी), वासा, भिंत, पाया ही साखळी अखंड ठेवा: वाशाच्या प्रत्येक सांध्यावर जस्तलेपित पट्टी, आणि भिंतीतून पायापर्यंत सळई. एकच सांधा कच्चा राहिला तर छप्पर तिथूनच सुटतं. शक्यतो चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतरतं छप्पर करा, उतार साधारण 30 अंश, वळचण (भिंतीबाहेर येणारी छपराची कड) 45 सेंमीपेक्षा कमी. कडांना आणि कोपऱ्यांना ओढ सर्वांत जास्त, तिथे स्क्रू दाट लावा. पडवीचं छप्पर मात्र वेगळं बांधा. ते उडालं तरी घराचं वाचतं.

काँक्रीटमध्ये न धुतलेली समुद्राची वाळू आणि खारं पाणी अजिबात नको. क्षारांमुळे सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. सळईवर 50 मिमी काँक्रीटचं आवरण ठेवा, ओतण्याआधी सळई आणि साच्यामध्ये ठोकळे लावून स्वतः मोजा.