रोमन घरातल्या छोट्या ब्राँझ देवमूर्ती कशा ओळखायच्या

युरोपातल्या कुठल्याही मोठ्या म्युझियमच्या रोमन सेक्शनला गेलात की एका काचेच्या कपाटात बोटभर-वीतभर उंचीच्या ब्राँझच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या दिसतातच, आणि बहुतेक लोक दोन सेकंद बघून मोठ्या संगमरवरी पुतळ्यांकडे पळतात. तसं करू नका. हे रोमन लोकांच्या देव्हाऱ्यातले देव आहेत, रोज घरातल्यांसमोर असणारे.

चेहऱ्यात अडकू नका, एवढ्याशा मूर्तीत चेहरे साधारण सारखेच असतात आणि झिजलेलेही असतात. आधी कपडे बघायचे, मग हात.

आखूड झगा, चवड्यांवर उभा, नाचता नाचता थांबल्यासारखा तरुण पोरगा आणि वर केलेल्या हातात शिंगाच्या आकाराचं प्यायचं भांडं, हा लार, घराचा राखणदार. हे शक्यतो जोडीने असतात, एकाचा उजवा हात वर तर दुसऱ्याचा डावा, त्यामुळे एकटा लार दिसला तर त्याचा जोडीदार बहुधा कुठेतरी हरवलाय असं समजा. टोगा (रोमन पुरुषांचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) पदरासारखा डोक्यावरून घेतलेला आणि हातात पसरट ताटली असलेला पुरुष म्हणजे जीनियस, यजमानाची दैवी शक्ती. इटलीतल्या पोम्पेई या जुन्या रोमन शहरात वेत्ती नावाच्या मालकांच्या घरात भिंतीवर हीच मंडळी रंगवलीत, मधे जीनियस, बाजूला दोन लार, खाली लांबलचक साप.

बाकीचे देव ज्या त्या घराच्या आवडीचे. मर्क्युरी भरपूर सापडतो, पंखवाली टोपी आणि हातात पैशाची थैली, पायाशी कधी कोंबडा, कधी मेंढा, कधी कासव (व्यापाराचा देव, मग लोकप्रिय असणारच ना). सुकाणू धरलेली बाई म्हणजे नशिबाची देवी फोर्तुना, तिच्याच डोक्यावर इसिस या इजिप्तच्या देवीचा मुकुट असेल तर इसिस-फोर्तुना. गदा आणि सिंहाचं कातडं दिसलं की हर्क्युलिस.

खरी गंमत हातात काहीच नसतं तेव्हा. भाला, राजदंड, सुकाणू हे पुष्कळदा वेगळं ओतून नंतर बसवलेलं असायचं, ते गळून पडतं आणि देव रिकाम्या हाताने उभा राहतो. अशा वेळी मूठ नीट बघा, आरपार उभं भोक असेल तर दांड्यासारखं काहीतरी होतं, म्हणजे देवांचा राजा ज्युपिटर, युद्ध आणि बुद्धीची देवी मिनर्व्हा असे पर्याय उरतात, आणि शिरस्त्राण असलेली बाई असेल तर बहुधा मिनर्व्हा. तळवा वर उघडा असेल तर त्यावर ताटली असण्याचा चान्स जास्त. डोळेही बघा, चांगल्या मूर्तींत चांदी बसवलेली असते.

एक सावधगिरी, सुटी मूर्ती घरातलीच होती असं लगेच म्हणू नका, देवळातही लोक अशा मूर्ती वाहायचे. लेबलवर सापडल्याची जागा आणि सोबत काय मिळालं ते वाचा. इ.स. 392 मध्ये सम्राट थिओडोसियसने लार, जीनियस आणि घरदेवांना धूप-वाइन वाहण्यावरच बंदी घातली, तेव्हा त्यानंतरची तारीख दिसली तर दोनदा तपासा.

आणि युरोपला जाणं जमणार नसेल तर कोल्हापूरचं टाऊन हॉल म्युझियम गाठा, कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीला सापडलेला ब्राँझचा छोटा पोसायडन (ग्रीकांचा समुद्रदेव) तिथला. तो व्यापारातून आलेला, कोणाच्या रोमन देव्हाऱ्यातला होता असा पुरावा नाही, पण सरावाला मस्त आहे, कपडे बघायचा प्रश्नच नाही, थेट हातांपासून सुरुवात करा.